खैरनार डायव्हरांचा बंब

“पाणी?” खैरनार डायव्हरांनी विचारलं.

मी न्हाणीत उकिडवा बसलो होतो. डाव्या हातात काड्यापेटी, उजव्या हातात काडी, आणि समोर चिंचेनं घासलेला तांब्याचा बंब. इतका घासलेला, की त्यात माझंच थोबाड मला भोपळ्याएवढं दिसत होतं. जाळीवर बाभळीच्या ढलप्या रचल्या होत्या, त्यांच्याखाली घासलेटात भिजवलेली चिंधी होती. आता फक्त ‘आहे’ म्हणायचं आणि काडी ओढायची.

मी झाकण उचलून आत डोकावलो. आत कल्हईचा कोरडा ठणठणीत तळ होता, आणि त्यावर एक कोळी पाय पसरून बसला होता. पाण्याचा थेंब नव्हता.

मान वर केली तर न्हाणीच्या दारात डायव्हरांची मुलगी वच्छला. माझा चेहरा बघून तिला काय आठवायचं ते आठवलं. तिचा हात तोंडावर गेला आणि तिथंच राहिला.

“काय पाहुणे, पाणी आहे का?” डायव्हरांनी पुन्हा विचारलं.

माझं लग्न ह्या प्रश्नाशी येऊन अडलं होतं. ते कसं, हे सांगायचं तर आदल्या दिवसापासून सांगावं लागेल. घाबरू नका, थोडक्यात सांगतो. मला तशी सवय नाही, पण आता दमही पुरत नाही.

तेव्हा मी एका चहा कंपनीचा फिरता एजंट होतो. गाडी घेऊन बाजाराच्या गावी जायचं, पारावर चहा उकळायचा, लोकांना फुकट पाजायचा आणि पुडे खपवायचे. लोक फुकटचा चहा पिऊन निघून जायचे. मग मी गोष्टी सांगू लागलो. सटाण्याचा एक म्हातारा आमचा चहा प्यायला आणि त्याला पुन्हा दात आले. पण ते दुसऱ्याच कुणाचे असावेत, कारण त्याच्या मनात नसताना ते सुपारी फोडायचे. अशा गोष्टी. लोक थांबायचे, पुडे खपायचे. पुढं पुढं पुडे नसले तरी गोष्ट तोंडातून यायचीच.

त्यापायी दोन स्थळं गेली होती. एका मुलीच्या बापाला मी सांगितलं, की आमच्या विहिरीतले मासे शिस्तीचे आहेत, पोहरा टाकला की बाजूला होऊन ओळीनं उभे राहतात. गृहस्थ दुसऱ्या दिवशी विहीर बघायला आले. म्हणून मनमाडचं स्थळ ठरवताना मामानं मला बजावलं, “त्रिंबक, तिथं तोंड उघडायचं ते फक्त पोहे खायला. मुलीचा बाप इंजिन चालवतो. त्याला खोटं खपत नाही.”

आम्ही पोचलो तो कोजागिरीचा दिवस. वच्छला चहाचा ट्रे घेऊन आली. मी एक घोट घेतला आणि मामाची आज्ञा आठवून गप्प बसलो.

“तुमच्याच कंपनीचा आहे,” ती म्हणाली. “पुड्यावर लिहिलंय, एका घोटात आळस जातो म्हणून. आमचा शेजारी महिनाभर पितोय, अजून खाटेवरून उठलेला नाही.”

तिची आई स्वयंपाकघरातून खाकरली. मामानं माझ्या पायावर पाय दिला. मी पोह्यांकडे बघत राहिलो, पण मनात म्हटलं, त्रिंबका, लग्न करायचं तर इथंच.

डायव्हर ड्यूटीवर होते, ते संध्याकाळी आले. उंच, काळेसावळे, उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची जुनी खूण. घरात त्यांना सगळे दादा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, स्टेशनात थांबलेल्या मालगाडीकडे बघावं तसं.

“पोरगा बरा आहे,” ते माझ्यासमोरच मामाला म्हणाले. “पण थापाड्या आहे असं कानावर आलंय.”

मामा म्हणाला, “तसं नाही, जरा बोलका आहे.”

“बोलके आमच्या इंजिनांच्या शेडमध्येही आहेत.” त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. “उद्या आमच्याकडे बंब पेटवायचा आहे. ह्या पाहुण्यांनी पेटवावा. मग बोलू.”

खैरनारांच्या घरची रीत अशी. दसऱ्याला माळ्यावरचा बंब उतरवायचा, घासायचा. कोजागिरीच्या रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना हिवाळ्यातला पहिला जाळ करायचा. बाकीच्या घरांत ह्या कामाला लोक डोळे चोळत जातात. खैरनारांकडे ते इंजिन बाहेर काढल्यासारखं चाले. पेटवणाऱ्याला डायव्हर विचारणार, ‘पाणी?’ त्यानं आपल्या डोळ्यांनी बघून ‘आहे’ म्हणायचं. मगच काडी. आणि काडी ओढली की पाणी उकळेपर्यंत तिथं बसलेल्या कुणी खोटं बोलायचं नाही.

हे त्यांनीच अंगणात दूध आटत असताना सांगितलं. हातावरच्या खुणेकडे माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली होती.

“बॉयलरला शिशाची गुल्ली असते,” ते म्हणाले. “पाणी खाली गेलं की ती वितळते आणि वाफ आगीवर येते. घाटात होतो. फायरमनला विचारलं, पाणी? न बघता म्हणाला, आहे.” त्यांनी बाही खाली ओढली. “तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.”

“एका दिवाळीला बंब अर्धाच भरला होता मी,” वच्छलाची आई मला हळूच म्हणाली. “भाऊबीजेपर्यंत बोलले नाहीत माझ्याशी.”

दादा दूध पिऊन झोपायला गेले. मामा ओसरीवर घोरू लागला. मी तोंड आवळून बसलो होतो, पण वच्छलानं विचारलं, “त्या गाडीतून फिरताना कंटाळा येत नाही का हो?” मग काय, सुरू झालो. नांदगावचा बैल, जो बशीभर चहा दिल्याशिवाय जू मानेवर घेत नाही. त्याला एकदा कॉफी दिली तर त्यानं गाडी उलटी नेली. चांदवडची कोंबडी, जिनं चहाच्या पुड्यावर बसून तांबूस पिल्लं काढली. वच्छला पदरात तोंड घालून हसत होती. मध्ये एकदा आतून आईनं विचारलं, “वच्छे, बंबात पाणी भरलंस का गं?”

“भरते, आई.”

थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, “भरलंस का?”

“भरते म्हटलं ना. हं, मग त्या कोंबडीचं काय झालं?”

तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

पहाटे मला जाग आली ती टण् अशा आवाजानं. वाटलं शेडमध्ये कुणी घण मारला असेल. मग दादांची हाक आली, “पाहुणे, उठा. वेळ झाली.”

तर असा मी कोरड्या बंबापुढे बसलो होतो.

‘नाही’ म्हणालो असतो तर ते खरं होतं. पण मग त्या पोरीचं काय, तर बाप तिच्याशी भाऊबीजेपर्यंत काय, संक्रांतीपर्यंत बोलला नसता, आणि फजिती झाली असती तीही परक्या माणसासमोर. बरं, ती विसरली कुणामुळे, तर कोंबडीमुळे, आणि कोंबडी माझी. ‘आहे’ म्हणालो असतो तर रिकामा बंब तापून त्याचे सांधे सुटले असते, डाग दिलेलं कथील ओघळून खाली आलं असतं, आणि मी दुपारच्या गाडीनं घरी. हिशोब दोन्ही बाजूंनी तोट्याचा होता.

काडी अजून ओढली नव्हती, एवढीच काय ती जमेची बाजू.

मी झाकण अलगद ठेवून दिलं आणि म्हणालो, “दादा, काडी ओढली की खोटं बोलायचं नाही ना?”

“नाही.”

“मग त्याआधी एक खरी गोष्ट दाखवायची आहे. नंतर राहून जाईल. तुमच्या लाकडांच्या ढिगात नाग आहे.”

“असेल. लाकडांत असतात.”

“चहा पितो.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पापणी न हलवता म्हणालो, “काल सगळे झोपल्यावर मी ढिगापाशी बशी ठेवली होती. अर्धा कप. आमचे एजंट सांगतात, जिथं मुरलेलं बाभळीचं लाकूड असतं तिथला नाग चहाला येतो. पहाटे पाहिली, बशी चाटूनपुसून साफ. चला, दाखवतो. उजाडलं की तो बिळात जातो, मग तुम्ही म्हणाल थाप मारली.”

बशी खरोखरच तिथं होती. काल त्या ढिगाला टेकून मीच चहा प्यायलो होतो आणि बशी उचलायला विसरलो होतो. विसरण्यातही कधी कधी देव असतो.

ढीग होता पुढच्या अंगणात, कडुलिंबाखाली. न्हाणी आणि पाण्याचा हौद मागं. दादा उठले. दारातून जाताना त्यांनी वच्छलाकडे बघितलंसुद्धा नाही. चार पावलं गेले आणि थांबले. “टोपी राहिली,” म्हणाले. परत आत गेले, खुंटीवरची टोपी काढली, झटकली, नीट घातली. गाडीची शिट्टी ऐकली की ताटावरून उठणारा माणूस असं मला मामानं सांगितलं होतं. तो टोपी झटकत होता, आणि मी मागच्या दाराकडे बघायचं टाळत होतो.

ढिगापाशी त्यांनी बशी उचलली, पालथी केली, वास घेतला.

“साखरेचा की बिनसाखरेचा?”

“साखरेचा.”

“बशी फुटली कशी नाही?”

“फणा नाही मारत. कडेला टेकवून पितो. फुंकर घालून.”

“नाग फुंकर घालतो?”

“दादा, जन्मभर तेच तर करतो तो.”

मागून धबाल् असा आवाज आला, रिकाम्या भांड्यात घागर उपडी केल्यावर येतो तसा. मी घाईघाईनं आवाज चढवला आणि नागाच्या बायकोविषयी सांगू लागलो, तिला कोरा चहा लागतो म्हणून. पुन्हा धबाल्.

“हा कसला आवाज?” दादांनी विचारलं.

“तोच. बिळात वळतोय.”

दादांनी मान हलवली. “मोठा दिसतो.” मग ते खाली बसले, दोन ढलप्या बाजूला केल्या, बीळ शोधू लागले. “जाड किती असेल?”

“तुमच्या मनगटाएवढा.”

“रंग?”

“दुधाच्या चहासारखा.”

असं बराच वेळ चाललं. मी बोलत होतो आणि घागरी ऐकत होतो. आवाज आधी पोकळ होता, मग भरदार झाला, मग बारीक झाला, मग थांबला. दादा लगेच गुडघ्यावर हात ठेवून उठले. “चला. आता बिळात गेला असेल.”

न्हाणीत वच्छला नव्हती. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते. मी झाकण उचललं. काठोकाठ पाणी, वर कडुलिंबाचं एक पिवळं पान, आणि पानाला धरून तरंगणारा तो बिचारा कोळी. मी त्याला बोटावर घेऊन खिडकीत ठेवलं.

“पाणी?” दादांनी विचारलं.

“आहे.”

ते बघायला वाकले नाहीत. “ओढा काडी.”

चिंधीनं पेट घेतला, ढलप्या कडकडल्या, माळ्यावर वर्ष काढलेल्या धुराड्यातून आधी धुळीचा लोट आला, मग धूर सरळ वर गेला. दादा पाटावर बसले, मी जमिनीवर. आता बंबाचा कायदा लागू झाला होता.

“थापा का मारता?” त्यांनी विचारलं.

“लोक थांबतात म्हणून.”

“लग्नानंतरही मारणार?”

मी जाळाकडे बघितलं. मामा इथं असता तर त्यानं पाय दिला असता. “हो,” मी म्हणालो.

“आमच्या पोरीला?”

“तिला तर रोज. ती हसते.”

दादांनी फुंकणी घेतली, दोनदा फुंकली. पाणी अजून उकळत नव्हतं. मग त्यांनी ज्याची मला भीती होती तेच विचारलं.

“तो नाग खरंच चहा पितो?”

घाम फुटला. तो जाळामुळे, अशी मी स्वतःची समजूत घातली. आगीपुढं खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोललो तर पुढचा प्रश्न येणार होता, ‘मग मला बाहेर का नेलंत?’

“दादा,” मी म्हणालो, “बशीत चहा होता, आणि आता नाही. एवढं खरं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात बंब गुणगुणायला लागला. आधी बारीक, मग घसा साफ केल्यासारखा, मग झाकण थडथड उडू लागलं. मला कुठल्याही देवळातल्या आरतीनं इतका दिलासा दिला नाही.

त्या घरात पहिल्या जाळाच्या पाण्यानं पहिली अंघोळ दादांची. दरवर्षीची. त्यांचा पंचा दांडीवर तयार होता. त्यांनी तोटी सोडली, घंगाळ भरलं, विसण घातलं, हातानं पाणी पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली, “वच्छे, दुसरा पंचा आण. आज हे पहिले.”

पंचा देताना तिच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता. ती माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, “दुधाच्या चहासारखा?” आणि पळाली.

मार्गशीर्षात लग्न झालं.

पुढं दादा निवृत्त झाले तेव्हा बंब आमच्याकडे आला, नाशिकला. दर कोजागिरीला दोघं म्हातारा-म्हातारी येत. दुसऱ्या दिवशी मी पेटवायचो, दादा विचारायचे, ‘पाणी?’ आमच्या पोरांना तो खेळ वाटे.

एका वर्षी दादा एकटेच आले. वच्छलाची आई त्या उन्हाळ्यात गेल्या होत्या. पहाटे आम्ही दोघंच बंबापाशी बसलो. जाळ लागला. दादांनी हात शेकले. मग म्हणाले, “त्रिंबकराव, तुमचा तो नाग.”

“कोणता?”

“चहावाला. त्या दिवशी मी तुमच्या आधी उठलो होतो. बंबावर टिचकी मारली.” त्यांनी बोटाचं पेर हवेत वाजवून दाखवलं. “रिकामा बंब कसा वाजतो?”

मला ती पहाट आठवली. टण्.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“आगीपुढं बोलतोय. ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, बघू. तुम्ही ‘नाही’ म्हणाला असता तर चहा पाजून स्टेशनावर सोडलं असतं. न बघता ‘आहे’ म्हणाला असता तर काडी हातातून काढून घेतली असती आणि चहाही दिला नसता.”

“आणि नाग?”

“नाग माझ्या हिशोबात नव्हता.”

त्यांनी एक ढलपी आत सारली. हात आता सुरकुतला होता, खूण मात्र तशीच तुकतुकीत होती.

“त्या फायरमनची गोष्ट मी अर्धी सांगितली होती. चौकशीला त्यानं सांगितलं, पाणी शेडमधल्या खलाशानं भरलं नाही. खलाशी नवा होता, त्याला बोलता आलं नाही. त्याची नोकरी गेली.” ते जाळाकडे बघत होते. “खोटं तोही बोलला, तुम्हीही बोललात.”

त्यांनी फुंकणी उचलून एकदा फुंकली. मग म्हणाले, “आणि मी टोपी आणायला परत का गेलो, असं वाटतं तुम्हाला? वच्छीला भरलेली घागर उचलायला वेळ लागतो. लहानपणापासून.”

झाकण थडथडू लागलं. त्या दिवशीही त्यांनी मलाच आधी अंघोळीला पाठवलं.

आता दादाही नाहीत. घरात गिझर आहे, सुना बटण दाबतात. पण कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी बंब पेटतोच. ‘पाणी?’ वच्छला विचारते, मी आधी टिचकी मारतो, मग झाकण उचलतो, मग ‘आहे’ म्हणतो.

एक सांगायचं राहिलं. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीपासून दादा लाकडांच्या ढिगापाशी बशीभर चहा ठेवायचे, साखरेचा. सकाळी बशी रिकामी असायची. ते गेल्यावर ठेवणं बंद होईल असं मला वाटलं होतं. पण त्या वर्षी पाहिलं, तर बशी होती. मी ठेवली नव्हती. आणि सकाळी ती चाटूनपुसून साफ होती.

कोण ठेवतं ते मला कळतं. वच्छला रात्री उठते तेव्हा बांगड्या वाजतात. पितं कोण, हे मात्र मी तिला विचारत नाही आणि तीही मला विचारत नाही. निदान बंब पेटलेला असताना तरी नाही.